चंद्रपूरच्या उन्हात ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूरच्या एका गृहस्थांकडे २०१७ सालची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर चाललेली. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० असे दोन ग्रेड दिलेत. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, "आपल्या उन्हात असलं पाण्यासारखं ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका." सर्व्हिस सेंटरवाले ०डब्ल्यू-२० टाकतात. अमेरिकेतला मेव्हणा म्हणतो, ०डब्ल्यू-२० सोडून दुसरं काही टाकलंत तर इंजिन गेलंच समजा. त्यात पाच हजार किलोमीटरमागे साधारण अर्धा लिटर ऑइल कमी होतंय आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोनेक सेकंद खडखड ऐकू येते. कोणाचं ऐकायचं?

माझं गॅरेज अकोल्यात आहे. ऊन काय असतं ते आम्हाला चंद्रपूरवाल्यांनी सांगायला नको. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: ५डब्ल्यू-३० टाका, एपीआय एसपी दर्जाचं (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था), आणि सोबत चांगला फिल्टर. २०डब्ल्यू-५० नको. पण तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न बांधलेत. उन्हाला कोणता ग्रेड, ऑइल का कमी होतंय आणि सकाळी काय वाजतंय, हे तिन्ही वेगळे आहेत. तुमचा मेकॅनिक तिघांवर एकच औषध देतोय, माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

आधी कॅनवरचे आकडे बघू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तोही आपल्या नव्हे, खऱ्याखुऱ्या थंडीतला. ऑइलच्या जाडीचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे-३०० या मानकानुसार ५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवण्याची, चाचणी उणे ३० अंशाला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ला. चंद्रपुरात यातलं काहीच लागू नाही. डिसेंबरात गाडी घेऊन लेहला निघालात तर लागू होईल. डब्ल्यूनंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा, १०० अंशाला ऑइल किती जाड राहतं त्याचा. तिथे ३० ग्रेडची मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक, आकडा मोठा तेवढं ऑइल जाड) आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९.

या आकड्यांवरून लोक ठरवतात की आपल्याकडे थंडी नाही, म्हणजे पहिला आकडा बिनकामाचा, आणि ऊन जास्त, म्हणजे दुसरा आकडा मोठा हवा. ऐकायला पटतं, पण इंजिनात काय चालतं ते बघितलं की पटत नाही.

बाजारातल्या साधारण ५डब्ल्यू-३० ऑइलचा जाडपणा ४० अंशाला साठ-पासष्ट सेंटीस्टोक असतो. तेच ऑइल १०० अंशाला दहा-अकरावर येतं. २०डब्ल्यू-५० घेतलंत तर ४० अंशाला दीडशेच्या वर आणि १०० अंशाला अठराच्या आसपास. आता मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर आणा. गाडी ऑफिसबाहेर उभी आहे, बाहेर ४५ अंश. तुम्ही चावी फिरवता त्या क्षणी तुमचं "पाण्यासारखं" ५डब्ल्यू-३० हे तापलेल्या २०डब्ल्यू-५०च्या जवळजवळ तिप्पट जाड असतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही स्टार्टच्या वेळी ऑइल पातळ पडण्याचा प्रश्नच येत नाही. ते गरजेपेक्षा जाडच असतं, आणि इंजिनाची झीज बरीचशी त्याच पहिल्या काही मिनिटांत होते. २०डब्ल्यू-५० टाकलं की तिथे अडीचपट जास्त जाड ऑइल ढकलायची वेळ पंपावर येते.

"पण तापल्यावर काय?" असा पुढचा प्रश्न असतो. तापलेलं इंजिन बाहेरच्या हवेवर चालत नाही, थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेवर चालतं. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशाच्या दरम्यान उघडतो आणि कूलंटला ठरलेल्या टप्प्यात ठेवतो. रेडिएटर स्वच्छ असेल आणि पंखा वेळेवर लागत असेल, तर महाबळेश्वरच्या जानेवारीत आणि चंद्रपूरच्या मेमध्ये त्या इंजिनाच्या ऑइलचं तापमान थोडंफारच वेगळं असतं. फरक पडतो तो लोडने. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर घाटाचा चढ, अशा वेळी ऑइल १००च्या बरंच वर जातं. हायवेवर तासन् तास १२० च्या वेगाने पळवलं तरी तेच. तुमचं चालवणं असं असेल तर जाड ऑइलचा विचार करायला जागा आहे. घर ते ऑफिस आणि महिन्यातून एकदा नागपूर, यासाठी अजिबात नाही. आणि उन्हात गाडी खरंच गरम होत असेल तर आधी कूलंट, रेडिएटरची जाळी आणि पंखा बघा. ऑइल जाड करून गरम होणं थांबत नाही. जाड ऑइल घुसळताना उलट आणखी उष्णता तयार होते.

तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. २०डब्ल्यू-५० वरचा विश्वास कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या आधीच्या पिढीतले मिस्त्री पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जीपवर शिकले. त्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० योग्यच होतं. बेअरिंगमधला गॅप मोठा, व्हॉल्व्ह साधे, ऑइलचं काम फक्त वंगणाचं. आजही कोणी हौसेने पद्मिनी सांभाळत असेल तर तिच्यात ०डब्ल्यू-२० टाकणं हा गुन्हा आहे. पण तुमच्या इंजिनात ऑइल आणखीही कामं करतं. व्हॉल्व्हचं टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. एक छोटा सोलेनॉइड ऑइल सोडतो-अडवतो आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलवरच चालतो. हे सगळं ठरावीक जाडीच्या ऑइलसाठी बसवलेलं आहे.

एक उदाहरण देतो. एका गिऱ्हाइकाची गाडी आली. चेक इंजिनचा दिवा लागलेला, स्कॅनरवर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टायमिंगचा कोड, पिकअप मेलेला. दुसरीकडे सोलेनॉइड बदलायचा खर्च सांगितला होता. ड्रेन बोल्ट सोडला तर इंजिन गरम असूनही ऑइल जाडजूड दोरीसारखं सावकाश खाली आलं. विचारल्यावर कळलं, मागच्या वेळी "उन्हाळा आहे म्हणून" २०डब्ल्यू-५० भरलं होतं. सोलेनॉइड काढला, जाळीत अडकलेला गाळ धुतला, पुस्तिकेतला ग्रेड भरला, कोड पुसला. दिवा परत लागला नाही. नवीन सोलेनॉइड लागलाच नाही. गाळ त्या एकाच ऑइलमुळे झाला असं मी म्हणणार नाही, आधीचं दुर्लक्षही असणार. पण गाळाने अर्धी बुजलेली जाळी आणि त्यातून जायला जाडं ऑइल, हे दोन्ही जुळलं की यंत्रणा हात वर करते.

उलट बाजूनेही अतिशयोक्ती होते. "नव्या इंजिनात फटी इतक्या बारीक आहेत की जाड ऑइल आत शिरतच नाही" असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं काही नाही. पंपाच्या दाबाने ते शिरतं. फक्त कमी वाहतं, आणि बेअरिंगमधून उष्णता काढून नेण्याचं कामही मग कमी होतं. शिवाय इंजिन थंड असताना दाब मर्यादेबाहेर गेला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, न जाता मधूनच परत फिरतं. मीटरवर प्रेशर जास्त दिसलं म्हणून लोक खूश होतात. कॅमला हवा असतो तो प्रवाह. तर एकदा २०डब्ल्यू-५० पडलं म्हणून तुमचं इंजिन उद्या जाम होणार नाही. झीज वाढेल, अ‍ॅव्हरेज पडेल, टायमिंगची यंत्रणा कुरकुरेल, आणि हे सगळं इतकं हळू होईल की दोष ऑइलला कोणी देणारच नाही.

आता मेव्हण्याचं. तो चूक नाही, पण त्याची कारणं तिथली आहेत. ०डब्ल्यू-२० चा आग्रह मायलेजमधून येतो. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी इंधनखपत अमुक इतकीच असावी असे नियम अमेरिकेत फार जुने आहेत. आपल्याकडे ते २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून आणखी कडक झाले. पातळ ऑइलने शेकड्याला एक-दोन टक्के इंधन वाचतं. तुमच्या खिशाला ते फारसं जाणवत नाही, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबात ते मोठं असतं. त्यासाठी इंजिनही तसं तयार केलेलं असतं, त्यामुळे ०डब्ल्यू-२० ने नुकसान होईल ही भीती नको. नवीन गाडी असती, ऑइल अजिबात कमी होत नसतं, तर मीही तेच टाकलं असतं. पण पुस्तिकेनेच ५डब्ल्यू-३० ला परवानगी दिली आहे, गाडी लाखाच्या जवळ आली आहे आणि ऑइल थोडं जातंय. अशा वेळी परवानगीच्या आतलाच वरचा ग्रेड घेणं शहाणपणाचं. थोडं जाड ऑइल पिस्टनच्या रिंगांवरून थोडं कमी निसटतं, आणि टायमिंगच्या यंत्रणेला त्याचा त्रास नाही, कारण कंपनीने तो ग्रेड धरूनच यंत्रणा बनवली आहे.

आता अशी गोष्ट, जी दुकानदारही सहसा सांगत नाही. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन कॅन एकसारखे असतीलच असं नाही. कॅन उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. एकावर एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६ (अमेरिकी-जपानी कंपन्यांचं मानक) लिहिलेलं असेल, दुसऱ्यावर एसीईए या युरोपीय मानकाचं सी३ किंवा ए३/बी४. फरक आहे १५० अंशाला, बेअरिंगमध्ये प्रचंड घर्षणाखाली ऑइलचा पडदा किती टिकतो त्यात. याला एचटीएचएस म्हणतात. पहिल्या प्रकारात तो आकडा किमान २.९ लागतो, दुसऱ्यात किमान ३.५. म्हणजे ग्रेड तोच, पण घाटात भरल्या गाडीने चढताना दुसरं ऑइल ४० ग्रेडच्या जवळपास वागतं. लोड आणि हायवे दोन्ही जास्त असणाऱ्यांना मी पुस्तिकेतली मानकं ताडून असा कॅन सुचवतो. तुमच्या वापराला साधं एपीआय एसपी पुरे. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात टायमिंग चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे, आणि तुमच्या सकाळच्या खडखडीमुळे ते मला महत्त्वाचं वाटतं.

त्या खडखडीकडे वळू. दोन सेकंदांत थांबते म्हणजे ऑइल वर पोहोचेपर्यंत काहीतरी कोरडं वाजतंय. माझा पहिला संशय फिल्टरवर. फिल्टरच्या तोंडाशी आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ती ऑइलला परत चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, उतरू देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये हे रबर काही महिन्यांत कडक होतं, रात्रभरात सगळं ऑइल खाली बसतं आणि सकाळी पंपाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. ऑइलवर अडीच हजार घालून फिल्टरवर शंभर रुपये वाचवणारी माणसं मी रोज बघतो. पुढच्या वेळी जुना फिल्टर खोलला की आत बोट घालून ती चकती दाबून बघा. मऊ असेल तर ठीक. नखाने टकटक वाजत असेल तर चोर सापडला. ओरिजिनल फिल्टर टाकूनही आवाज राहिला तर चेन आणि टेन्शनर तपासायला गाडी द्या, आणि ते लांबवू नका. जाड ऑइलने सकाळचा आवाज कमी होण्याऐवजी लांबेल, कारण ते वर पोहोचायलाच उशीर लावतं. गरम झाल्यावरचा आवाज मात्र ते दाबून टाकतं. जुनी गाडी विकायच्या आधी काही जण २०डब्ल्यू-५० का भरतात, याचं उत्तर इथे आहे. सेकंडहँड गाडी घेताना ऑइलचं बिल मागायला लाजू नका.

ऑइल कमी होण्याचं म्हणाल तर पाच हजारांत अर्धा लिटर हा घाबरण्याचा आकडा नाही. काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकेत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरही चालेल असं लिहिलेलं असतं, ते मला स्वतःला पटत नाही, पण तुमची गाडी त्याच्या जवळपासही नाही. तरी आधी नीट मोजा. सकाळी, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून परत घाला आणि बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि दर हजारला त्याच जागी बघा. पेट्रोल पंपावर गरम इंजिन बंद करून लगेच बघितलेल्या लेव्हलला अर्थ नाही, तेव्हा बरंच ऑइल वरच अडकलेलं असतं.

मग धूर बघा. सकाळी स्टार्ट करताच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. हे बऱ्याच गाड्यांत हेड न उतरवता बदलता येतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागे सतत निळं दिसलं तर रिंगा. उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर भपकन् आला तर पुन्हा व्हॉल्व्हकडे संशय. धूरच नाही तर खाली पुठ्ठा टाकून गळती बघा. टॅपेट कव्हरचं गॅसकेट आणि क्रँकचं सील या वयात पाझरू लागतात. आणि या सगळ्याच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साचलेला वायू बाहेर सोडणारी झडप) काढून कानाजवळ हलवा. आतून खडखड वाजला तर चांगला, गप्प राहिला तर गाळाने अडकलाय. तो तुंबला की आतला दाब वाढून ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. याची किंमत एका कॅनपेक्षा कमी आहे आणि "हाफ इंजिन करावं लागेल" हे ऐकण्याआधी तो बघितलाच पाहिजे.

रिंगाच गेल्या असं सिद्ध झालं आणि इंजिन खोलायचा खर्च आत्ता झेपत नसेल, तर मीही एक पायरी वर जातो: ५डब्ल्यू-४०. तेही दीड-दोन लाख चाललेल्या गाडीत, मालकाला सांगून की आपण फक्त वेळ काढतोय. थेट २०डब्ल्यू-५० तेव्हाही नाही.

हे सगळं तुमच्या गाडीपुरतं. हे वाचून टर्बो पेट्रोलवाल्यांनी आपल्या मनाने ग्रेड बदलू नये. टर्बोचं बेअरिंग ऑइलवरच तरंगतं आणि तिथे पुस्तिकेतलं मानकही ग्रेडइतकंच पाळावं लागतं. बीएस-६ डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, उदाहरणार्थ एसीईए सी३. जुन्या बोलेरोत चालतं ते १५डब्ल्यू-४० त्यात ओतलं तर इंजिन कदाचित कुरकुरणारही नाही, पण डीपीएफ राखेने भरेल आणि ती राख जळून जात नाही. सीएनजीवाल्यांनी ग्रेड तोच ठेवावा, फक्त रंगावर जाऊ नये. गॅसवर ऑइल काळं पडत नाही, मधासारखं दिसतं, आणि "अजून चांगलं आहे" म्हणत लोक पंधरा-वीस हजारांपर्यंत खेचतात. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यातली रसायनं तोवर संपलेली असतात. आणि उरलेलं कार ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, तिला जासो एमए हे मोटरसायकलच्या ऑइलचं मानक लिहिलेलंच लागतं, नाहीतर क्लच घसरतो.

तुमच्यासाठी ऑइल बदलायची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर साडेसात हजार. इतक्यात ऑइल पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल त्यात मिसळून राहतं आणि ५डब्ल्यू-३० आपोआप पातळ होत जातं. उन्हापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद कॅन स्वतः न्या, समोर उभे राहून फोडा, आणि रिकामा कॅन तिथे तसाच सोडू नका, झाकणाला भोक पाडा किंवा कापून टाका. नकली माल भरायला असेच कॅन लागतात. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाकायला सांगा, पाच-दहा रुपयांचा असतो. आणि ओतताना लक्ष ठेवा: या आकाराच्या इंजिनांसाठी साडेतीन लिटरचा कॅन सर्रास मिळतो, पण बऱ्याच १.२ लिटर इंजिनांत फिल्टर धरूनही तीन लिटरच्या आसपासच ऑइल बसतं. आमच्या धंद्यात "गिऱ्हाइकाचे पैसे गेलेत, ओता सगळं" ही सवय फार आहे. लेव्हल वर गेली की क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. पुस्तिकेतला आकडा वाचून त्यापेक्षा थोडं कमी ओता, एक मिनिट इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघत वरच्या खुणेपर्यंत आणा. उरलेलं डिकीत ठेवा, पाच हजारांनी टॉपअपला तेच कामी येईल.